मुक्काम

पायीं केलेल्या प्रवासाचीं वर्णनें वाचण्याचा मला जुना नाद आहे. इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनानें तो लागला आणि पन्नाशी उलटली तरी सुटला नाहीं. हीं वर्णनें वाचतांना एक गोष्ट मात्र मला नेहमीं खटकत आली. लेखक चालण्याविषयीं भरभरून लिहितो. डोंगर, झाडें, वळणें, वाटेंत भेटलेलीं माणसें, सारें कांहीं येतें. पण मध्येंच एखाद्या गांवीं तो दिवसभर थांबला असेल, तर त्या दिवसाची बोळवण एका ओळींत होते. ‘येथें एक दिवस विश्रांति घेतली’, बस्स! हॅझलिटनें १८२२ सालीं प्रवासावरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांत वाटेवर त्याला सोबतीला कोणी नको आहे. स्टीव्हन्सननें १८७६ सालीं पायपिटीवर लिहिलें, तेव्हां दिवसाची वाट संपल्यावर खानावळींत मिळणाऱ्या निवांत संध्याकाळीला मोठा मान दिला. परंतु ती संध्याकाळ गोड लागते याचें कारण उद्यां पुन्हा चालायचें असतें. सकाळ उजाडली आहे, पाय आहेत, वाटहि समोर आहे, आणि तरी चालायचें नाहीं, अशा दिवसावर स्वतंत्र निबंध लिहिलेला मला तरी कोठें आढळला नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत असतो. तेथें ॲपलेशियन पर्वताच्या माथ्यामाथ्यानें जाणारी एक पायवाट आहे. दक्षिणेस जॉर्जिया राज्यांतल्या स्प्रिंगर डोंगरापासून उत्तरेस मेन राज्यांतल्या कटाडिनपर्यंत. लांबी साडेतीन हजार किलोमीटरांच्या आसपास. बेंटन मकाय या गृहस्थानें १९२१ सालीं तिची कल्पना मांडली, १९३७ सालीं ती जोडून पुरी झाली, आणि १९४८ सालीं अर्ल शॅफर नांवाचा तरुण ती एकाच मोसमांत सबंध चालून गेला. माझ्या विद्यार्थ्यानें तिचा थोडासाच भाग पायाखालीं घातला आहे. तो सांगत होता, ज्या दिवशीं एकहि मैल पुढें जाणें होत नाहीं त्या दिवसाला तिकडे ‘झीरो’ म्हणतात. वाट कांहीं दिवसांनीं एखाद्या गांवाशीं येते. व्हर्जिनियांतल्या डमॅस्कस गांवीं तर ती भर रस्त्यावरूनच जाते. तेथें उतरायचें, पोस्टांत आगाऊ पाठवून ठेवलेला शिध्याचा खोका सोडवायचा, कपडे धुवायचे, पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचें, आणि गादीवर झोपायचें. “पण सर,” तो म्हणाला, “माणूस डोंगरांत सहसा हार खात नाहीं. तो गांवांत हार खातो. तेथें गादी असते, आणि बसचें वेळापत्रक असतें.”

हें त्याचें वाक्य मला त्या वेळीं चतुर वाटलें, एवढेंच. तें खरें आहे कीं नाहीं हें पाहण्याचा योग २०२३ सालच्या जून महिन्यांत आला.

त्या वर्षीं मी ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीबरोबर आळंदीहून निघालों. पंढरीच्या वाटेविषयीं मराठींत उत्तम लिहिलें गेलें आहे. इरावतीबाई कर्वे यांची ‘वाटचाल’ आहे, आणि दि. बा. मोकाशी १९६१ सालीं चालले त्यांचें १९६४ सालचें ‘पालखी’ आहे. तीं वाचून वर्षें झालीं होतीं. पाय चालते आहेत तोंवर एकदां जावें, असा विचार होता. ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी निघते, पहिली रात्र आळंदींतच असते, नवमीला ती पुण्यास येते आणि पुण्यांत दोन रात्री राहते. त्यामुळें दशमीचा दिवस हा साऱ्या वाटेवरचा पहिला विसाव्याचा दिवस. पुढें सासवडलाहि दोन रात्री असतात. पण पुण्याचा मुक्काम तो पुण्याचा मुक्काम, कारण त्या वेळीं देहूहून आलेली तुकोबांची पालखीहि शहरांत असते. माउलींचा मुक्काम भवानी पेठेंतल्या पालखी विठोबाच्या मंदिरांत, तुकोबांचा नाना पेठेंत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरांत. दोन्ही पालख्यांबरोबरचीं लाखों माणसें त्या दोन पेठांच्या आसपास शाळांतून, कार्यालयांतून, दुकानांच्या फळ्यांवर आणि जिन्यांच्या खालीं मावतात. कशीं मावतात हें पुणेकरांना दरसाल पाहूनहि कळलेलें नाहीं.

मी पुण्याचाच. म्हणजे पुण्याहून गाडींत बसून आळंदीला जायचें, आणि तेथून दिवसभर चालून पुन्हा पुण्यासच यायचें, असा माझ्या प्रवासाचा पहिला टप्पा होता. माझ्या पत्नीनें फोनवर विचारलें, “इतकें चालून तुम्ही नेमके कोठें पोंचलां म्हणायचें?” मीं म्हटलें, “घरापासून रिक्षानें वीस मिनिटांच्या अंतरावर.” त्यावर ती हंसली, पण लगेच गप्प झाली. त्या गप्प होण्याला कारण होतें. दोन वर्षांपूर्वीं माझ्या हृदयाच्या एका धमनींत डॉक्टरांनीं स्प्रिंग बसविली आहे. चालण्यास त्यांची मनाई नव्हती, उलट चाला असेंच ते सांगत. परंतु डॉक्टरांचें चालणें म्हणजे सकाळचा पाऊण तास. त्यांत दिव्याचा घाट नसतो. मी निघालों तेव्हां पत्नीनें एका शब्दानेंहि अडविलें नव्हतें. वीसएक वर्षांच्या संसारांत तिचा होकार आणि तिचें न बोलणें यांतला फरक मला समजूं लागला आहे.

आमच्या दिंडीला नाना पेठेजवळची एक शाळा मिळाली होती. तिसरीचा वर्ग. बांकें एकावर एक रचून भिंतीला लावलेलीं, भिंतीवर सतरापर्यंतचे पाढे, आणि मी फळ्याच्या खालीं पथारी टाकलेली. तीस वर्षें फळ्यापुढें उभा राहिलों, पण त्याच्याखालीं झोंपण्याचा प्रसंग प्रथमच आला. विश्रांतीचा दिवस म्हणून उशिरां उठावें असा माझा बेत होता. पण पहाटे तीनच्या सुमारास सारा वर्ग जागा झाला. कोणी उठविलें नाहीं, तुतारी वाजली नाहीं. दोन दिवसांत अंगाला जी वेळ लागली होती ती लागली होती. उठून उभा राहिलों आणि कळलें कीं काल जे पाय दिवसभर चालले ते माझे नव्हेत, दुसऱ्या कोणाचे तरी आहेत. टांच जमिनीला टेकेना. चालत्या अंगाला दुखणें ठाऊक नसतें; तें थांबल्यावर हिशेब मांडतें.

पहांट फुटल्यावर वर्गांत प्रत्येकानें आपापले पाय पुढें घेतले. इतके पाय मीं एका ठिकाणीं इतक्या लक्षपूर्वक कधीं पाहिले नव्हते. भेगाळलेले, रुंद, बोटें फांकलेले. माझे गोरेमोरे पाय त्यांत परक्या देशांतून आल्यासारखे दिसत होते. जुने वारकरी सुईंत दोरा ओवतात, तो फोडांतून आरपार काढतात आणि तसाच आंत ठेवतात. पाणी दोऱ्यावाटें झिरपून जातें. बाहेरच्या मंडपांतल्या डॉक्टर मुलीनें हा उपाय ऐकून कपाळाला हात लावला. दोऱ्यावाटें पाणी बाहेर येतें तशी घाण आंतहि जाते, असें तिचें म्हणणें. तें शास्त्रशुद्ध होतें. ऐकून घेऊन सर्वांनीं मान डोलावली आणि सुया डबींत ठेवून दिल्या, फेंकल्या नाहींत.

माझ्या शेजारीं भिंतीला टेकून बार्शीकडची एक म्हातारी बसली होती. तिला सारी दिंडी आक्का म्हणे. वय सत्तरीच्या घरांत. तिच्या उजव्या टांचेला रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता. मीं विचारलें, “आक्का, फार दुखतंय का?”

“दुकतंय की. पाय हाय म्हून दुकतोय, मास्तर.”

पुण्यांतला हा दिवस म्हणजे शहरानें वारकऱ्यांची सेवा करण्याचा दिवस. नाभिक मंडळी रस्त्याच्या कडेला खुर्च्या मांडून दाढी-कटिंग करतात, कोणी पाय चेपून देतात, कोणी औषधें वाटतात, आणि चर्मकार बंधु पोतें अंथरून वहाणा शिवून देतात. पैसा घ्यायचा नाहीं, असा रिवाज. हें मी लहानपणापासून पाहत आलों आहें, पण दुसऱ्या बाजूनें. नारायण पेठेंतल्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर दरसाल एक दिंडी उतरत असे. आई त्या दिवशीं अंधारांत उठून पिठलें ढवळायला बसे आणि आम्हां मुलांच्या हातीं भाकरीच्या चळती देऊन वाढायला लावी. त्या वाड्याच्या जागीं आतां सहा मजली इमारत आहे. खालीं मोटारी उतरतात, माणसांना उतरायला ओसरी राहिलेली नाहीं. जुन्या वाड्यांबरोबर पुण्याची ही पाहुणचाराची जागा गेली आणि वारकरी शाळांच्या वर्गांत आले. पण मला सांगायचें तें निराळें. मध्यमवर्गाच्या माणसाला देणें सोपें जातें. देतांना हात वर असतो. रांगेंत उभें राहून घेणें, तेंहि फुकट, ही गोष्ट आमच्या शिक्षणांत कोठेंच बसत नाहीं.

माझ्या बुटाचें अस्तर टांचेशीं फाटून तेथें घासत होतें. बूट भारी किंमतीचे, डोंगर चढण्यासाठीं बनविलेले. पोत्यावर बसलेल्या कारागिरानें तो हातांत घेतला, आंत बोट घालून फिरविलें, नाकाशीं नेला, आणि म्हणाला, “माउली, याला टांका नाय बसायचा. आंत कापूस भरल्यावानी काय तरी हाय. कातड्याचा तुकडा देतों चिकटवून. पण आज घालूं नका, रात्रभर वाळूं द्या.” त्यानें मऊ कातड्याचा तुकडा कापला, कडा रापीनें तासून कागदासारख्या पातळ केल्या, म्हणजे त्या पुन्हा टोंचायला नकोत. या एका कामाला त्यानें चांगलीं वीस मिनिटें दिलीं. मागें रांग वाढत होती. पण त्यानें घाई केली नाहीं, रांगेनेंहि केली नाहीं. संवयीनें माझा हात खिशाकडे गेला. तो मान वर न करतां म्हणाला, “नका, माउली. पैसे घेतले तर माझी वारी मोडंल.”

मीं विचारलें, “तुम्ही कधीं गेलां आहांत का पंढरपूरला पायीं?”

“नाय. बाप बी नव्हता गेला. आमची वारी हितंच, ह्या पोत्यावर. बापानंतर मी बसतों.”

चौदा-पंधरा तास तो पोत्यावर बसणार होता, आणि त्या दिवसाची सारी मजुरी सोडणार होता. यावर एखादा उतारा माझ्या ओठांशीं आला होता, पण पुढची चप्पल त्याच्या हातांत गेली होती. मी अनवाणी परत आलों.

शाळेच्या आवारांत दिंडीचे चालक हिशेबाची वही घेऊन बसले होते. बाहेरच्या माणसाला वारी म्हणजे टाळ, मृदंग आणि पताका एवढेंच दिसतें. तिच्यामागचा शिधा दिसत नाहीं. आमच्या दिंडींत सुमारें दोनशें माणसें. दुसऱ्या दिवशीं एकादशी, आणि त्याच दिवशीं बत्तीसएक किलोमीटर चालून, दिव्याचा घाट चढून सासवड गांठायचें. म्हणजे वाटेवरचा सर्वांत अवघड टप्पा उपाशीं पोटीं! अर्थात् ‘एकादशी नि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यानें केली त्यानें वारींतला स्वयंपाक पाहिला असावा. वीस किलो साबुदाणा, दाणे, बटाटे, रताळीं, केळीं. शिवाय द्वादशीपासून पुढच्या मुक्कामांसाठीं तूरडाळ, तांदूळ, ज्वारीचें पीठ, तेल, गूळ, आणि गॅसच्या टांक्या. मार्केट यार्डांतून हें सारें दुपारपर्यंत ट्रकवर चढलें पाहिजे, कारण पुण्यानंतर इतकी मोठी बाजारपेठ वाटेवर पुन्हा नाहीं. चालक शेतकरी माणूस, पण त्याचा हिशेब पाहून आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीनें त्याच्या हाताखालीं उमेदवारी करावी असें मला वाटलें.

या व्यवस्थेचें मूळहि मौजेचें आहे. देहूहून तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनीं सतराव्या शतकाच्या अखेरीस पालखीची प्रथा सुरू केली, आणि ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीला आजचें शिस्तीचें रूप हैबतबाबा आरफळकर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दिलें. हे हैबतबाबा सातारकडचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरीं चाकरी केलेले. घोडे आणि तंबू यांची सेवा अंकलीच्या शितोळे सरदारांनीं पत्करली, ती त्या घराण्याकडून आजहि चालू आहे. लष्करांत दिवस काढलेल्या माणसाला कूच, तळ आणि शिधा यांचें महत्त्व शिकवावें लागत नाहीं. भक्तीला त्यांनीं छावणीची शिस्त दिली, आणि ती इतकी बेमालूम मिसळली कीं आतां कोणती कोणाची हें सांगतां येत नाहीं.

दुपारपर्यंत शाळेचें रूप पालटलें. मुली जेथून वांकून पाहत असतील त्या कठड्यांवर नऊवारी लुगडीं वाळत पडलीं. हिरवीं, निळीं, अंजिरी, एकाखालीं एक. वर्गांतल्या एकुलत्या एका प्लगभोंवतीं मोबाईल फोनांचा घोळका बसला होता आणि त्यांच्यावर एक आजोबा पहारा करीत होते; प्रत्येक फोनला अर्धा तास, तक्रार चालायची नाहीं. बायका तुळशीबाग पाहून आल्या. त्यांनीं आणलेल्या वस्तु पाहिल्या तर बांगड्या, पिना, कुंकवाच्या डब्या; मुठींत मावेल असेंच सारें, कारण पुढें तें वाहायचें आहे हें त्या विसरत नाहींत. आणि जवळजवळ प्रत्येकानें प्लॅस्टिकचा मोठा कागद घेतला होता, डोक्यावरून पांघरायचा. त्या जूनमध्यें पावसाचा मागमूस नव्हता. आकाश पितळेच्या परातीसारखें तापलेलें, आणि खालीं शेंकडों माणसें पावसासाठीं कागद विकत घेत होतीं. मींहि घेतला.

एकच्या सुमारास माझी पत्नी आली. इस्त्रीचे दोन सदरे, मेतकूट, आणि बरणींत लिंबाचें गोड लोणचें. गाडी लांब कोठें तरी लावून ती गर्दींतून चालत आली होती. किल्ली अजून हातांतच होती. फळ्याखालची माझी पथारी तिनें पाहिली, पाय पाहिले, कांहीं बोलली नाहीं. मग आक्काजवळ जागा होती तेथें बसली.

“घरला न्ह्यायला आलाय जनू मालकास्नी,” आक्का म्हणाली. प्रश्न नव्हता तो. माझी पत्नी नुसती हंसली.

खरें सांगायचें तर त्या घटकेला मला घर दिसत होतें. पंखा, गरम पाण्याचा नळ, माझी खुर्ची. कोणी कांहीं म्हणालें नसतें. ‘पुण्यापर्यंत चाललों’ हें सांगायला पुरेसें होतें. पुष्कळ पुणेकर आळंदी ते पुणें एवढेंच दरसाल चालतात आणि तें चांगलेंच करतात. विद्यार्थ्याचें तें वाक्य आठवलें. गादी तयार होती, आणि माझ्या बाबतींत बसच्या वेळापत्रकाचीहि जरूर नव्हती.

इतक्यांत दारांत एक चाळिशींतला माणूस येऊन उभा राहिला. हातांत पिशवी, डोळे झोंपेनें तांबारलेले. तो आक्काचा मुलगा. टांचेची बातमी कोणी तरी फोनवरून गांवीं पोंचविली होती आणि तो मिळेल त्या एस्.टी.नें निघाला होता.

“आये, चल. सांच्याला गाडी हाय.”

“कुटं?”

“कुटं म्हंजी? घरला. पाय बगितला का सोताचा? आन् पाऊस पडला म्हंजी पेरनीला घरात मानूस नको व्हय?”

“पाऊस पडूं दे की. मी काय बैल हाय का तुझा, औताला जुपायला?”

सारा वर्ग हंसला. तो हंसला नाहीं. तो दाराशींच उकिडवा बसला आणि हलक्या आवाजांत बोलूं लागला. गेल्या वर्षीं बाप वारींतून आला आणि आठ दिवसांनीं गेला. म्हातारीचेंहि असेंच व्हायचें. गांवांतले लोक काय म्हणतील? मुलानें पाहिलें नाहीं म्हणतील. पेरणीचें त्यानें उगीच पुढें केलें होतें, हें आतां सर्वांनाच दिसत होतें. आक्का ऐकून घेत होती. मग एकदम माझ्या पत्नीकडे वळून ती म्हणाली, “बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. तुमी सांगा. म्हनाल तसं करते.”

मी पत्नीकडे पाहिलें. ती इतका वेळ मुलाकडे पाहत होती. तो जें बोलत होता तें सगळें तिचेंच होतें. तिनें तें दोन आठवडे मनांत ठेवलें होतें, त्यानें तें भर वर्गांत मांडलें. तिनें आधीं आक्काचा पाय मांडीवर घेतला. बांधलेली पट्टी सोडून पाहिली. मग उठून बाहेर जाऊन त्या डॉक्टर मुलीला घेऊन आली. मुलीनें रक्तांतली साखर तपासली, जखम पुन्हा धुतली, आणि सांगितलें कीं जखम स्वच्छ आहे, साखर नाहीं. पण या वहाणेवर पुढें एक पाऊलहि चालूं नये. पट्टी रोज बदलावी, आणि घाट ट्रकमधून चढावा.

“ट्रकात बसनार न्हाई,” आक्का म्हणाली.

“मग घरीं जावें लागेल, आक्का,” माझी पत्नी शांतपणें म्हणाली. “दोहोंतलें एक.”

आक्का बराच वेळ पाढ्यांच्या तक्त्याकडे पाहत राहिली. मग तिनें कमरेची पिशवी सोडली, नोटा मोजल्या आणि उठून उभी राहिली. “चला बाई, जोडा घिऊ. ह्येला काय कळायचं न्हाई त्यातलं.” त्या दोघी गेल्या. मुलगा आणि मी वर्गांत राहिलों. त्याला मीं चहा आणून दिला. बोलायला फारसें कांहीं नव्हतें. शेत किती, ऊस आहे का, असें मीं विचारलें; तुम्ही कोणता विषय शिकवतां, असें त्यानें विचारलें. थोड्या वेळानें तो म्हणाला, “सर, तुमचं घर हितंच हाय म्हनत्यात. तुमी का गेला न्हाई?” मीं म्हटलें, “अजून ठरवलें नाहीं.” तें अगदीं खरें होतें.

तासाभरानें त्या परतल्या. पांढरे कापडी बूट, मापापेक्षां एक नंबर मोठे. कारण संध्याकाळपर्यंत पाय सुजतो, असें आक्कानें दुकानदाराला ऐकविलें होतें. पैसे तिनें स्वतः दिले होते, माझ्या पत्नीचे घेतले नव्हते. बूट घालून तिनें वर्गांत दोन फेऱ्या मारल्या. नऊवारी लुगड्याखालीं ते पांढरे बूट शाळकरी मुलाचे दिसत होते. “आता नवा जोडा घिऊन परत जाऊं का?” ती मुलाला म्हणाली. “पैसं वाया जात्याल. घाटात बसते ट्रकात. विठोबाला सांगंन, डाक्टरीनबाईची आण हुती.” आणि लगेच तिनें आपलें गांठोडें सोडलें. एक जुनें लुगडें, एक तांब्या, फाटकी वाकळ आणि आदल्या दिवशीं मिळालेल्या बिस्किटांचे आठ-दहा पुडे काढून मुलाच्या पिशवींत कोंबले. “हे घरला ने. लई वझं झालंय.” मुलानें कपाळावर हात मारून घेतला, पण पिशवी धरून ठेवली.

मींहि माझी पिशवी उपसली. एक जाड इंग्रजी पुस्तक, दाढीचें सामान, जादा पांघरूण. पत्नी तें सारें घडी करून आपल्या पिशवींत ठेवीत होती. शेवटीं तिनें त्याच पिशवीच्या तळांतून एक चौकोनी डबी काढून माझ्या हातांत दिली.

“यांत सोळा दिवसांच्या गोळ्या आहेत. सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. वर कागद चिकटविला आहे.”

“म्हणजे तूं घरूनच ठरवून आली होतीस?”

“छे! किल्लीहि आणली होती कीं,” ती म्हणाली. मग किल्ली पर्समध्यें टाकून पर्सची चेन लावली. “आणि घाट तुम्हीहि ट्रकमधूनच चढायचा. आक्कांनीं लक्ष ठेवायचें कबूल केलें आहे.”

संध्याकाळीं भवानी पेठेंत कीर्तन होतें. दर्शनाची रांग मध्यरात्र उलटली तरी सरत नव्हती. मी रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून ऐकलें. सकाळच्या कारागिराचें पोतें पलीकडेच होतें. दिव्याखालीं तो अजून शिवत होता. माझा बूट त्यानें दुसऱ्या एका दगडाखालीं दाबून ठेवला होता. तो देतांना एवढेंच म्हणाला, “बगा बरं, टोचतंय का.” टोंचत नव्हतें.

एकादशीला अंधारांतच पेठ हलली. शिंदे छत्री गेली, उजाडलें, हडपसर आलें. येथें दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबा लोणीकडे जातात, माउली सासवडकडे वळतात. आक्काचा मुलगा रात्रीच्या गाडीनें जाणार होता तो गेलाच नव्हता. पिशवी खांद्याला लावून तो आमच्या ओळीच्या कडेनें चालत आला होता. सोलापूर रस्त्यावर एस्.टी. दिसली तसा तो थांबला, वांकून आईच्या बुटाची नाडी सुटली होती ती बांधली, आणि धांवत जाऊन गाडींत चढला. आक्कानें मागें वळून पाहिलें नाहीं. उरुळी, वडकी अशीं गांवें जायचीं होतीं. ट्रक वडकी नाल्याला भेटणार होता, आणि तोंवर ऊन चढलेलें असणार होतें.